कच्चं पाणी

मी थापा मारतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी डोळे वटारायला नकोत. घरात, गल्लीत आणि ज्या पाणी खात्यात मी चौतीस वर्षं काढली तिथेही माझी तीच ख्याती. माझं काम जमिनीखालच्या नळांची गळती शोधायचं. हातात छातीएवढी लोखंडी सळई, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. सळई रस्त्यावर टेकवायची, वाटीला कान लावायचा आणि खाली पाणी काय म्हणतंय ते ऐकायचं. चार फूट खाली नळाला केसाएवढी चीर गेली असली तरी मला कळायची. हे खरं आहे. मोठ्या चौकाखालच्या नळात एक जोडपं आधी आंघोळीला कोणी जायचं यावरून भांडताना ऐकलं, असं मी साहेबांना सांगितलं होतं. ते खरं नाही.

आता सांगतोय त्यात मात्र पदरचं काही घातलेलं नाही. घालायला जागाच उरली नाही.

माशांची टाकी ही बायकोची हौस. ती शाळेत चित्रकला शिकवायची. डावा डोळा तिचा लहानपणच्या तापात गेला, त्यामुळे आयुष्यभर जे काही पाहिलं, रेखाटलं, तपासलं ते सगळं एकट्या उजव्या डोळ्याने. तिला एंजल मासेच हवे होते. का, तर म्हणे, "समोरून आला तर नुसती उभी रेघ, आणि वळला की अख्खं शीड. असा दुसरा प्राणी दाखवा."

केशकर्तनालयाच्या तळघरात एका मासेवाल्याचं दुकान होतं. माणूस काटकुळा, शर्टाच्या बाह्या बारा महिने कोपरापर्यंत ओल्या. त्याने मला कामाला लावलं. एंजल उभा वाढतो, म्हणून टाकी दोन फूट उंच. स्टँड पाणसळ लावून समतल केलं, काचेखाली थर्माकोल. काळी वाळू सात पाण्यांनी धुतली. टाकीत ठेवायचं वेडंवाकडं लाकूड मोठ्या पातेल्यात तीन तास उकळलं, तेव्हा शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "आज काय बेत?" मी म्हटलं, "शिजलं की पाठवतो." रुंद पानांची रोपं लावली, मागे पाटीचा एक उभा दगड टेकवला. फिल्टरच्या तोंडाला स्पंज, कारण एंजलचे पर लांब, ओढले जातात. हीटर अठ्ठावीसवर. मग पाणी भरलं आणि पुन्हा तळघरात गेलो.

"मासे कधी देतोस?"

"महिन्याने."

"अरे, पाणी भरलंय की!"

"काका, ते पाणी कच्चं आहे."

"चौतीस वर्षं या शहराला पाणी पाजलंय मी. पाणी कच्चं असतं हे आजच ऐकतोय."

"शहराला पाजलंत. माशाला नाही पाजलं."

मग त्याने समजावलं. मासा खातो, घाण करतो, त्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष खाणारे जंतू असतात, ते आधी स्पंजात वस्तीला यायला हवेत. त्यांना बोलावायचं तर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकायचं. खाणं कुजणार, जंतू वाढणार. विरजण म्हणून त्याने आपल्या सगळ्यात जुन्या टाकीतला स्पंज पिळून एक बाटली तपकिरी पाणी दिलं. शिवाय काचेची नळी आणि थेंबांची बाटली. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. हिरवं झालं तर विष, पिवळं झालं तर स्वच्छ.

"आधी हिरवं होत जाईल, मग पुन्हा पिवळं. तसं झालं की या."

"म्हणजे रोज रिकाम्या टाकीला जेवू घालायचं?"

"सकाळ-संध्याकाळ. आणि कुणाला सांगू नका, हसतील."

टाकी भरून पाच-सहा दिवस होतायत तोच बायकोचा डोळा आडवा आला. उजव्या डोळ्यात कडेने काळा पडदा सरकत होता. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, आतला पडदा सुटलाय, लगेच ऑपरेशन. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडणार, तो वर दाबून पडदा जागेवर धरणार. पण बुडबुडा वर जातो, म्हणून माणसाने चौदा दिवस तोंड खाली करून राहायचं. तासातली दहा मिनिटं जेवायला, नहाणीत जायला, औषधाचा थेंब घालायला. बाकी तोंड जमिनीकडे.

"आणि मान वर केली तर?" बायकोने विचारलं.

"तर पडदा पुन्हा सुटेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काकू, तुमच्याकडे दुसरा डोळा नाही."

मी टेबलाच्या कडेला मधे भोक पाडलेलं स्टूल बांधलं, त्यावर तशीच भोकाची गोल उशी. ती खुर्चीत बसायची, कपाळ उशीवर, तोंड भोकातून खाली फरशीकडे. चार पावलांवर डावीकडे टाकी. डोळ्यात वायू, त्यामुळे दिसायचं ते फक्त उजेड आणि सावली. कानाला फिल्टरची घरघर.

आमची ही बाई आयुष्यात कधी एका जागी बसलेली नाही. पहिल्या दिवशी तिचे पाय हलत राहिले. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होतो आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पळत आलो तर ती उभी, मान ताठ, हात पुढे करून टाकीकडे निघालेली.

"अगं, मान!"

"मान खाली, मान खाली! चोरी केलीय का मी? चार पावलं आहेत, टाकी बघून येते."

"दिसणार काय आहे तुला?"

"काही नाही दिसलं तरी बघून येते."

मी तिला धरली असती तर झटापट झाली असती. मग चाळीस वर्षांची सवय कामाला आली.

"बस आधी. मासे आणलेत सकाळी. तू अशी धडधडत आलीस तर बिथरतील."

ती थबकली. मान आपोआप खाली गेली. "आणलेत? आणि मला सांगितलं नाहीत?"

"नवीन जागेत रुळू देत, म्हटलं."

ती पुन्हा बसली. कपाळ उशीवर टेकलं. "किती?"

"चार."

"सांगा. नीट सांगा. मोघम चालणार नाही."

बाई चित्रकलेची. पर कुठून फुटतो, वळताना आधी काय वळतं, पट्टा डोळ्यावरून जातो की डोळ्यामागून, सगळं विचारायची. मी सांगत गेलो. एक चंदेरी, तीन काळ्या पट्ट्यांचा. एक शाई सांडल्यासारखा चट्टेरी. एक पूर्ण काळा, लाकडामागे दडणारा. आणि एक पिवळ्या डोक्याचा. एंजलच्या पोटाखाली दोन लांब दोरे लोंबतात, याचा एक तुटलेला. तो कशाला तोडला मी? थाप पटायची तर एखादी खोट हवी, हे मला ठाऊक होतं.

तासभर ती हलली नाही. माझं बोलणं थांबलं की पाय हलायला लागायचे. म्हणून मी बोलत राहिलो. रोज कोणी कोणाला ढुशी दिली, कोण आधी खायला आला. खोटं विसरू नये म्हणून गळतीच्या जुन्या वहीत टिपणं ठेवली. ती माझ्यासारखी नाही. चाळीस वर्षांत एकदाही खोटं बोललेली नाही. साहेबांचा फोन आला आणि मी मानेने नको म्हटलं, तर ती सांगायची, "आहेत घरात, पण नाही म्हणून सांगायला सांगतायत."

आणि या सगळ्यात मी सकाळ-संध्याकाळ रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणं टाकत होतो. आता ते नाटकालाही उपयोगी होतं. झाकण उघडल्याचा आवाज आला की ती विचारायची, "आले का वर?"

"आले, आले."

पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की खाणं कुजत नाहीये. वाळूवर एक कण नव्हता. फिल्टरने ओढलं असेल म्हणून स्पंज काढला. स्वच्छ. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. पिवळं. पहिल्या दिवसापासून रोज पिवळंच होतं, हिरवं एकदाही झालं नव्हतं.

सहाव्या दिवशी मुलगी आली. दारातच तिला बाजूला घेतलं. "आईसमोर टाकीत चार मासे आहेत असं बोल. तिच्या डोळ्याचा प्रश्न आहे."

"बाबा, तुम्ही सुधारणार नाही."

"सुधारेन. चौदा दिवसांनी."

तिला आईपाशी बसवून मी टाकीचं पाणी बरणीत भरून तळघरात गेलो. मासेवाल्याने तीन-चार निरनिराळ्या बाटल्यांतले थेंब टाकले. एक नळी लालभडक झाली. तो ती उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला.

"काका, माझ्याशी तरी थापा मारू नका. मासे कुठून आणलेत?"

"एकही आणलेला नाही."

"एवढं लाल म्हणजे जिरलेली घाण. हे पाणी रिकाम्या टाकीचं नाही. यात वर्षभर मासे आहेत. चांगले वाढलेले."

"टाकी भरून बारा दिवस झालेत."

त्याने ओल्या बाहीला हात पुसला. बाही ओली, हात आणखी ओला झाला. "मग देतो मी मासे. पाणी तयार आहे. पण आधी जे आहेत ते काढा."

घरी आलो. मुलगी स्वयंपाकघरात चहा गाळत होती. मी दार लोटलं, नळ सोडला.

"आईला काही कळलं नाही ना?"

"नाही. छान गप्पा झाल्या."

"बोललीस ना नीट?"

"बोलायचं काय त्यात, दिसतायत ते सांगितलं. फक्त तुम्ही चार म्हणालात, आणि पाच आहेत."

मी हसलो. शेवटी मुलगी कोणाची! "पाचवा कसा आहे?"

"पांढरा. हलत नाही. काचेला तोंड लावून तुमच्या खुर्चीकडे बघत असतो." तिने कप उचलले. "आईला पाचवा सांगितला नाही मी. तुमची मोजणी बिघडायला नको." आणि ती बाहेर गेली. जाताना हसली नाही. शिष्या गुरूच्या वरताण निघाली, असं मी स्वतःशी म्हटलं. चहा मात्र गार होऊ दिला.

मुलगी गेल्यावर मी नेहमीच्या खुर्चीत बसून चौघांची हकीकत सुरू केली. चंदेरीने काळ्याला पळवलं वगैरे. बायको ऐकत होती. मग मधेच म्हणाली,

"पाचव्याबद्दल तुम्ही कधीच बोलत नाही."

फिल्टर घरघरत होता.

"पाचवा नाहीये गं."

"आहे. टाकीचा उजेड फरशीवर पडतो, माझ्या नाकाखाली. चौघांच्या सावल्या येतात-जातात. एकाची जात नाही."

मी वाकून तिच्या स्टुलाखाली पाहिलं. फरशीवर टाकीच्या दिव्याचा चौकोन पडला होता. त्यात पाण्याचे वळसे हलत होते. दुसरं काही नाही.

"पानाची सावली असेल."

"पान मोठं होत नाही," ती म्हणाली.

त्यानंतर तिची अस्वस्थता परत आली. मी बोलत असतानाही पाय हलायचे, बोटं खुर्चीच्या हातावर वाजत राहायची. रोज दोन-तीनदा ती कपाळ उशीवरून उचलायची आणि मी ओरडलो की ठेवायची. मी तिच्या मानेकडे बघत बसायचो. खात्यात असताना एखादा जुना नळ दाबाखाली असला की आम्ही असेच बसायचो, आता फुटेल, मग फुटेल.

नवव्या दिवशी दुपारी ती बसल्या बसल्या पेंगली तेव्हा मी माळ्यावरून सळई काढली. टोकाला फडकं गुंडाळलं, काचेला टेकवलं, वाटीला कान लावला.

मला पाणी ऐकू येतं. ही थाप नाही, ही नोकरी होती. आधी फिल्टरचा पंखा. मग बुडबुड्यांची रांग. हीटरची बारीक टिकटिक. त्या सगळ्याखाली पाणी सरकल्याचा आवाज, चार ठिकाणी, रुंद आणि मऊ, कपडा हलवल्यासारखा. मी डाव्या हाताने झाकण उघडून चिमूट टाकली.

टिच. टिच. टिच. टिच.

ओठ मिटल्याचा आवाज. पृष्ठभागावर खाण्याचे तुकडे एकेक करून नाहीसे होत होते. माझ्या डोळ्यांसमोर, स्वच्छ पाण्यात, दिव्याखाली.

मग आवाज बसला. नळाच्या आत मोठा दगड अडकला की मागचं सगळं बोथट ऐकू येतं, तसा. पंखा लांब गेला, बुडबुडे लांब गेले. सळईच्या टोकापुढे, काचेच्या पलीकडे, काहीतरी येऊन उभं राहिलं होतं. ते काही करत नव्हतं. मी ऐकतोय हे त्याला कळलं होतं आणि ते थांबलं होतं.

मी सळई परत माळ्यावर टाकली.

अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती एकदम म्हणाली, "तो वर येतोय."

"कोण?"

"सावली फरशीवरून माझ्या पायापर्यंत आली. अहो, तो टाकीतून बाहेर येतोय!" आणि तिने डोकं उचललं. मी झेप घेऊन तिच्या मानेवर हात ठेवला. तिने झटकला. तीन दिवस उरले होते. तिच्या एकुलत्या एका डोळ्यासकट डोकं वर-खाली होत होतं.

"थांब! काढतो त्याला. आत्ता काढतो. तू फक्त खाली बघ."

"थापा नको!"

"थाप नाही. ऐक, जाळं घेतोय."

मी जाळं घेतलं, बादलीत टाकीचं पाणी काढलं, बाह्या सरसावल्या. खळबळ केली, स्वतःशी पुटपुटलो, "अरे, इकडे, इकडे ये." नाटकात मी कधी कमी पडत नाही. दोनदा रिकामं जाळं वर काढलं. तिसऱ्यांदा दांडी वाकली.

जाळं रिकामं होतं. दांडी वाकलेली होती. मी ते बादलीत उलटं केलं आणि दांडी सरळ झाली.

"घेतला?"

"घेतला. दुकानात देऊन येतो."

"आत्ता जा."

"आत्ता."

चपला दाराशी होत्या, किल्ली खुंटीवर नव्हती. ती शोधायला हात मोकळे हवेत म्हणून मी बादली खाली ठेवली. कुठे ठेवतोय याचा विचार केला नाही. वाट मोकळी राहावी म्हणून तिच्या स्टुलाखाली सरकवली.

किल्ली शर्टाच्या खिशात निघाली. मिनिटभर गेलं असेल, नसेल.

परत आलो तेव्हा तिचे पाय हलायचे थांबले होते.

ती कपाळ उशीवर टेकून बसली होती. हात मांडीवर, बोटं सैल. तिच्या तोंडाखाली, भोकाच्या बरोबर खाली, बादली. पाण्यावर एक वलय उमटलं होतं आणि काठाकडे सरकत होतं.

"अगं?"

"हं."

"बरं वाटतंय?"

"हो," ती म्हणाली. "आता बरं वाटतंय."

तिच्या खालच्या पापणीवरून पाण्याचा एक थेंब लोंबत होता. तो पडला नाही. आत गेला.

बादली मी नहाणीत ओतली. जड नव्हती.

पुढचे तीन दिवस तिने मान तसूभर उचलली नाही. मासे कसे आहेत हेही विचारलं नाही. मीच येरझाऱ्या घालत होतो. चौदाव्या दिवशी मुलगी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाणार होती. त्याआधी मी तळघरात गेलो. आता तिला दिसणार होतं, टाकीत चार मासे हवेच होते.

"चंदेरी, चट्टेरी, काळा आणि पिवळ्या डोक्याचा," मी सांगितलं.

मासेवाल्याने चौथी पिशवी बांधताना मान हलवली. "हा एकच पिवळ्या डोक्याचा उरलाय. कुणी घेत नाही. याचा एक दोरा तुटलाय."

मी पिशव्या घेतल्या. घरी आणून पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग सोडल्या. चौघेही डाव्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहिले आणि मोकळ्या पाण्यात आले नाहीत.

धावत दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तपासणी चालू होती. डॉक्टरीणबाई भिंगातून बघत होत्या.

"पडदा छान बसलाय," त्या म्हणाल्या. "काकू, चौदा दिवस नीट पाळलंत. डोळा वाचला." मग त्यांनी भिंग मागे घेतलं, पुसलं, पुन्हा लावलं. "डोळा हलवू नका."

"मी नाही हलवत," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एकदा बघितलं. मग दिवा बंद केला आणि कागदावर लिहायला लागल्या. पाणी असल्यासारखी एक हलती रेघ दिसेल, म्हणाल्या. तो बुडबुडा. रेघ रोज खाली जाईल, महिन्याभरात नाहीशी होईल. औषधाचा थेंब चार वेळा चालू.

घरी आल्यावर बायको टाकीसमोर उभी राहिली. डोळा लाल, पण उघडा. तिने बोटाने मोजलं.

"आठ," ती म्हणाली.

मला चार दिसत होते, कोपऱ्यात.

"वाढवलेत होय? बरं केलंत. तुम्ही थापा मारताय असं मला आधी वाटलं होतं. चुकलंच माझं." तिने माझ्या दंडावर हात ठेवला. असं ती कधी करत नाही.

"आणि पाचवा?" मी विचारलं.

"तो इथे कुठे असेल? तुम्हीच तर काढलात."

आता ती रोज चित्रं काढते. पूर्वीपेक्षा चांगली, असं मुलगी म्हणते. रेघ एकदाही थरथरत नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या पाटीवरची बारीक अक्षरं मला वाचून दाखवते. दीड महिन्याने डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बुडबुडा विरलाय. रेघ दिसत नाही ना आता?"

"नाही," बायको म्हणाली.

मी शेजारच्या खुर्चीत होतो. या विषयात माझ्या तोडीचा माणूस शहरात नाही. ती चाळीस वर्षांतली तिची पहिली थाप होती, आणि सफाईदार होती.

परवा संध्याकाळी पाच वाजता, उन्हं खोलीत असताना, मी नेहमीप्रमाणे थेंब घालायला बसलो. तिने मान मागे टाकली. मी खालची पापणी बोटाने ओढली, बाटली उलटी धरली.

थेंब पडला.

बुबुळाच्या काळ्यात एक पांढरी उभी रेघ वर आली.

रेघ वळली. क्षणभर सगळं काळं पांढरं झालं.

टिच.

मग ते खाली गेलं आणि डोळा पुन्हा काळाभोर, स्वच्छ, माझ्याकडे बघत राहिला.

"काय झालं? हात का थांबला?"

"काही नाही," मी म्हटलं.

तिने डोळा मिटला, गालावर आलेलं पाणी पुसलं. डाव्या कोपऱ्यातले चारही मासे तिच्याकडे तोंड करून उभे होते.

"अहो," ती म्हणाली, "उद्यापासून दोन थेंब टाका. एकाने भागत नाही आता."